पुसलेलं दार

उमेदवारांच्या सुरक्षेविषयीची ती ऑनलाइन बैठक मी ताईंच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. लॅपटॉपच्या पडद्यावर आसपासच्या मतदारसंघांतून संसदेच्या निवडणुकीला उभे असलेले उमेदवार आपापल्या चौकोनात बसले होते आणि पोलिसांकडचा एक शांत आवाजाचा अधिकारी एकेक स्लाइड पुढे सरकवत होता. एकट्याने दारोदार फिरू नका. काही वावगं दिसलं तर तुमच्या पक्षाच्या सुरक्षा समन्वयकाला कळवा. सभेच्या जागेची पाहणी पक्षाच्या ऑफिसकडून आधी करून घ्या. धमकीचे मेल स्वतः वाचत बसू नका, पक्षातल्या कोणाला तरी वाचायला द्या.

ताईंनी माइक चालू केला. "मी अपक्ष आहे. मला पक्ष नाही. मी कोणाला कळवू?"

अधिकाऱ्याने स्लाइड एकदा मागे नेली, परत पुढे आणली.

"फार चांगला प्रश्न आहे," अधिकारी म्हणाला. "मी त्याची नोंद घेतो."

या देशात एवढी वर्षं काढल्यावर मला इतकं नक्की कळलंय, की 'फार चांगला प्रश्न आहे' असं कोणी म्हणालं की त्याच्याकडे उत्तर नाही असं समजावं. पुढची स्लाइड आली. तिच्यावरही पक्षाच्या ऑफिसचा फोन नंबर हाताशी ठेवा असंच लिहिलं होतं. ताईंनी माइक बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, आजपासून माझे सुरक्षा समन्वयक तुम्ही." आणि मोठ्याने हसल्या.

त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. मला मात्र तो मान वाटला. त्या मानाचं मी काय केलं ते लिहिल्याशिवाय मला आता दुसरं काही लिहिता येत नाही.

ताई आमच्या उपनगरातल्या हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर आहेत. मँचेस्टरहून ट्रामने अर्ध्या तासावर आमचं हे उपनगर. त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, एकुलती मुलगी केंब्रिजला शिकते. आमच्या भागातलं तातडीच्या उपचारांचं केंद्र बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांनी त्या केंद्राच्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढून घेतले. फोटो छापून आले आणि केंद्र बंद झालं. ताई म्हणाल्या, आता मीच उभी राहते. कोणी हसलं, कोणी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, एजंट मी होईन. इथे प्रत्येक उमेदवाराचा एक निवडणूक एजंट असतो. कागदपत्रं, पत्रकं, मुदती असल्या सगळ्या गोष्टी त्याने बघायच्या. मी आयटीतला माणूस, हे जमेल असं वाटलं.

खरं कारण निराळं होतं. आमच्या मराठी मंडळात ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा एका बाईंनी त्यांना आडनाव विचारलं, ऐकल्यावर परत विचारलं, आणि त्या वर्षीपासून हळदीकुंकवाची आमंत्रणं त्यांच्या घराला वळसा घालून जाऊ लागली. त्या विहारात जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मी काही वाईट वागलो नाही, या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, चला, आता जरा फेडता येईल. माझ्यासारखी माणसं अशीच असतात. आधी गप्प बसून चूक करतात आणि मग गाजावाजा करून ती निस्तरायला जातात.

सरकारी संरक्षण म्हणजे काय, याबद्दल माझ्या डोक्यात जे होतं ते घरून आलेलं होतं. माझे वडील पोलिसात कॉन्स्टेबल होते. निवडणुका आल्या की त्यांना कोणातरी उमेदवाराबरोबर बंदूक देऊन धाडायचे. अपक्षांकडे तर हमखास. कित्येक अपक्ष नुसता गनमॅन मिळावा म्हणून अर्ज भरतात, असं वडील म्हणायचे. "आपण त्याचा जीव राखायला जातो, आणि तो आपल्याकडून पान मागवतो," ते सांगायचे. जीपमध्ये पुढच्या सीटवर गनमॅन बसलेला दिसला की गाव समजायचं, हा माणूस मोठा झाला. लहानपणापासून माझी समजूत हीच, की संरक्षण मोठेपणाला मिळतं. शाल, श्रीफळ, हार, आणि त्यांच्याच रांगेत बंदूकवाला.

इथली रीत वेगळी आहे. इथे धोका किती आहे ते तपासतात. उमेदवाराच्या घरी येतात, चार प्रश्न विचारतात, दार-खिडक्या बघतात, काय काय घडलं ते लिहून घेतात आणि मग ठरवतात. हे मी वाचलं होतं, इंग्रजीत, दोनदा. वाचणं आणि अंगात मुरणं यात फार अंतर असतं.

तो अधिकारी मंगळवारी ताईंच्या घरी येणार होता. आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी नवीन पत्रकांचा गठ्ठा द्यायला त्यांच्याकडे गेलो. त्या पहाटेच ड्यूटीवर गेलेल्या. फाटकातून आत शिरलो आणि वास आला.

दारावर आमचीच पत्रकं चिकटवलेली होती. ताईंचा फोटो असलेली, मीच छापून आणलेली. प्रत्येक फोटोतले दोन्ही डोळे सिगारेटने जाळलेले. आणि त्या सगळ्यावर, दाराच्या मुठीवर, पत्रपेटीच्या फटीत, कुत्र्याची घाण फासलेली.

मी ताईंना फोन लावला. वॉर्डात असल्या की त्यांचा फोन बंद असतो. मग मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. हे गृहस्थ माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करण्यात हातखंडा.

"आधी साफ कर," ते म्हणाले. "उद्या तो गोरा पोलीस येणार ना? त्याला हे असं दाखवणार? आपल्या माणसाचं दार?"

'आपल्या माणसाचं' हा शब्द त्यांच्या तोंडून ताईंसाठी मी पहिल्यांदाच ऐकला. मला भरून आलं. आज त्या भरून येण्याचा मला संताप येतो.

अध्यक्ष ब्लीचची बाटली आणि रबरी हातमोजे घेऊन आले. त्यांनी हातमोजे मला देऊ केले. मी नको म्हणालो.

हे नीट लिहायला हवं. मी हातमोजे घातले नाहीत, कारण मला उघड्या हातांनीच ती घाण काढायची होती. ताईंच्या दारातली घाण माझ्या हातांनी. माझ्या घराण्यात कोणी कधी असलं काम केलं नव्हतं. इतरांकडून करवून घेतलं होतं, पिढ्यान् पिढ्या. गुडघ्यावर बसून मी ती पत्रकं खरवडून काढत होतो तेव्हा मनातून मी जवळजवळ सुखात होतो. काहीतरी फिटतंय असं वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते ब्लीचमुळे आहे असं मी अध्यक्षांना सांगितलं.

"फोटो काढायचा का एखादा?" मी मधेच विचारलं.

"असल्या गोष्टीचा फोटो? शी! आणि उद्या तो कोणाच्या ग्रुपवर फिरला म्हणजे? बाईमाणसाची अब्रू आहे."

मला पटलं. पत्रकं पिशवीत घातली, पिशवी कचऱ्याच्या डब्यात. आमच्याकडे सोमवारी कौन्सिलची कचरागाडी येते. आम्ही दाराला शेवटचा फडका मारत होतो तेव्हाच ती आली. मी स्वतः डबा ओढत फुटपाथपर्यंत नेला आणि गाडीवाल्याला 'थँक यू' म्हणालो.

दुपारी ताई आल्या. फाटकातच थांबल्या. "दार कोणी धुतलं?"

मी सगळं सांगितलं. थोडं कौतुकाच्या अपेक्षेनेच सांगितलं, खोटं कशाला बोलू. त्या पर्स मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या.

"पत्रकं कुठेत?"

"टाकली."

"डब्यात?"

"गाडी येऊन गेली, ताई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नर्सेस कधीकधी पेशंटकडे बघतात ना, हा स्वतः चालत घरी जाऊ शकेल की नाही, तसं. मग म्हणाल्या, "बरं. उद्या मी सांगेन त्यांना तोंडाने."

मंगळवारी सकाळी माझ्या बायकोने ताईंच्या स्वयंपाकघरात कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. करताना ती एकदाच म्हणाली, "इतकी वर्षं त्यांच्या घरी चहाला नाही आलो आपण. आता पोहे चाललेत." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अध्यक्षांनी बरोबर एक फ्रेम आणली होती. गेल्या महिन्यात मंडळाने घाईघाईने ताईंचा सत्कार केला, त्याचा फोटो. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं अर्धं डोकं. ती त्यांनी हॉलमध्ये, दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसेल अशी लावली.

अधिकारी आला. तोच, शांत आवाजाचा. वयाने तरुण, सभ्य. बूट काढू का म्हणून विचारलं त्याने. धुतलेलं दार, लखलखीत पितळी मूठ, आतून येणारा फोडणीचा वास, हसऱ्या चेहऱ्यांची चार माणसं. लग्न जमवायला आलेल्या पाहुण्याला जे जे दाखवायचं ते सगळं आम्ही त्याला दाखवलं.

अध्यक्ष सुरू झाले. ताईंना समाजात किती मान आहे, त्यांचे किती सत्कार झालेत, भारतातून पुढारी येतात तेव्हा त्या कशा पहिल्या रांगेत बसतात. यातलं शेवटचं तर धादांत खोटं होतं. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि काहीच लिहिलं नाही.

मग ताई बोलल्या. सरळ, वॉर्डात ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात तशा. काल सकाळी काय झालं, कशावर काय फासलं होतं, डोळे कसे जाळले होते. तो लगेच पुढे सरकून बसला, पेन काढलं.

"ती पत्रकं आहेत का? फोटो?"

"नाहीत," ताई म्हणाल्या.

"काय झालं त्यांचं?"

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या एका क्षणात मला दिसलं की आता माझं नाव येणार. या गोऱ्या, सभ्य मुलासमोर मी एक मूर्ख ठरणार. मी मधेच म्हणालो, "टवाळ पोरं असतील हो. शाळेला सुट्टी आहे ना. आम्ही साफ करून टाकलं, फार काही नव्हतं."

फार काही नव्हतं! मी ते ज्या इंग्रजीत म्हणालो ती इंग्रजीसुद्धा मला आठवते. ऑफिसात काही बिघडलं की आपण वापरतो ती, हसरी, कोणाला त्रास नको अशी. या देशात आम्ही सगळे ती भाषा शिकलो. तक्रार करणारे लोक अशी आमची ओळख होऊ नये म्हणून आम्ही काय काय गिळलं, आणि त्या दिवशी मी दुसऱ्या कोणाच्यातरी जिवावरची गोष्ट गिळून टाकली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, "ती पोरं नव्हती." पण त्याचं पेन आधीच खाली गेलं होतं. पोहे छान झालेत म्हणाला. दाराला कॅमेरा बसवून घ्या, काही वाटलं तर फोन करा, म्हणाला. आणि जाताना सवयीने, "तुमच्या पक्षाच्या..." असं म्हणून थांबला आणि सॉरी म्हणाला.

आठवड्याने उत्तर आलं. सध्या विशेष उपायांची आवश्यकता दिसत नाही.

त्याच आठवड्यात मी हाय स्ट्रीटवरून जात होतो. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयाबाहेर काळ्या जॅकेटातले दोन धिप्पाड रखवालदार उभे होते, पक्षाने पाठवलेले. त्या उमेदवाराच्या काचेवर कोणीतरी अंडं फेकलं होतं म्हणे. त्यांनी ते अंडं पुसलं नव्हतं. फोटो काढला होता, पोलिसांना दिला होता, वर्तमानपत्रालाही दिला होता. त्यांच्याकडे हे कळणारं माणूस पगारावर होतं. ताईंकडे मी होतो.

त्या उमेदवाराला संरक्षण मिळू नये असं माझं म्हणणं नाही. माझा राग एवढाच आहे की जीव प्रत्येकाला एकच असतो, आणि तो राखायची सगळी व्यवस्था मात्र तुमच्या पाठीशी आधीच कोणीतरी उभं आहे असं धरून चालते. ज्याच्या मागे कोणी नाही त्याने 'फार चांगला प्रश्न' विचारावा आणि गप्प बसावं. कायदा म्हणतो, कोणीही निवडणुकीला उभं राहू शकतं. कोणीही उभं राहिल्यावर काय, याचा विचार करायला कोणाला वेळ नसतो. आणि असल्या व्यवस्थेत जी एक फट ताईंना मिळाली होती, तीही मी ब्लीच ओतून बुजवली.

मतदानाला दहा-बारा दिवस राहिले असतील. शनिवारी आम्ही दोघं एका गल्लीत पत्रकं वाटत होतो. रस्त्याच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. एकट्याने फिरू नका असं सांगितलेलं होतं म्हणून आम्ही दोघं होतो. पण दोघं म्हणजे मधे अख्खा रस्ता.

ताई एका घराच्या पायऱ्या चढून बेल वाजवत होत्या. त्यांच्या मागून एक माणूस फाटकातून आत आला. माझ्याच वयाचा, पावसाळी जाकीट घातलेला, हातात दुधाचा कॅन. त्या घरातलाच असेल असं मला वाटलं. तो पायऱ्यांवर थांबला, काहीतरी म्हणाला, आणि दुधाच्या कॅनसकट दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ताई कठड्यावरून खाली फरशीवर पडल्या. मी धावलो. मी रस्ता ओलांडेपर्यंत तो फाटकाबाहेर पडून कोपऱ्याकडे चालू लागला होता. पळतसुद्धा नव्हता.

ताई मनगट धरून बसल्या होत्या. पहिलं वाक्य बोलल्या ते मनगटाबद्दल. "मोडलंय. हलवू नका." दुसरं माझ्याकडे बघून. "तो म्हणाला, दारावर निरोप ठेवला होता, मिळाला ना?"

हॉस्पिटलमध्ये, त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये, पोलीस आले. ही एक वेगळी बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पत्रकं ठेवलीयत का? त्यांच्यावर ठसे मिळाले असते."

मी म्हणालो, "मी टाकली." या वेळी मधे कोणाला बोलू न देता म्हणालो. आता त्याचा काही उपयोग नव्हता. तिने 'ओके' म्हणून लिहून घेतलं. कोणी मला ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

ते काम ताईंच्या मुलीने केलं. संध्याकाळी तिचा केंब्रिजहून फोन आला. इथेच वाढलेली मुलगी, घरी बोलते तेवढंच मराठी. पण त्या दिवशी ती इंग्रजीत गेली नाही.

"काका, तुम्ही का साफ केला? ती माझी आईचा दार आहे. तुमचा नाही."

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटला ते मला नको. आईला काय वाटते ते तुम्ही विचारला?"

मी नव्हतं विचारलं. एकदाही. दार धुण्याआधी नाही आणि अधिकाऱ्यासमोर तोंड उघडण्याआधी नाही.

मुलीचं म्हणणं होतं की आईने आता घराबाहेर पडू नये. अर्ज मागे घ्यायची मुदत तर केव्हाच संपली होती. मतपत्रिकेवर नाव राहणारच होतं. प्रश्न एवढाच होता की उरलेले दिवस ताई दारोदार जाणार की घरात बसणार. मीही म्हणालो, "ताई, आता नको. तुम्हाला काही झालं तर मी स्वतःला..."

"भाऊ," त्यांनी मला तिथेच थांबवलं. प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला होता. "सगळं तुमच्यापाशीच येऊन थांबतं का हो? मला ढकललं तर तुमचा अपराध. माझं दार घाण झालं तर तुमचं प्रायश्चित्त. करा की प्रायश्चित्त, पण ते माझ्या दारात कशाला? मला त्या दिवशी धुणारा माणूस नको होता. राखणारा हवा होता."

मी मान खाली घातली.

"आणि मान वर करा. मला अजून दोन गल्ल्या करायच्यात. गठ्ठा तुम्हाला धरावा लागेल, माझा हात चालत नाही."

आता मात्र संरक्षण मिळालं. मनगट मोडल्यावर. सकाळ-संध्याकाळ पोलिसांची गाडी घरासमोर येऊन थांबायची, प्रचाराला निघालो की एक पोलीस बरोबर चालायचा. आणि मंडळाला एकदम जाग आली. ज्या लोकांनी कधी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं ते गाडी बघायला आले. अध्यक्षांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

"ताई, आता तुम्ही खऱ्या पुढारी झालात!" ते म्हणाले. "लाल दिवा तेवढा राहिला."

"तुम्हाला पण मिळेल की अध्यक्षसाहेब," ताई म्हणाल्या. "या इकडे. हात पुढे करा, मोडून देते."

बरोबरच्या पोलिसाला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला. मी हसलो नाही. मला माझे वडील आठवत होते, पान आणायला निघालेले, खांद्याला बंदूक.

ताई शेवटच्या दिवसापर्यंत फिरल्या. हरल्या, अर्थातच. अपक्षाला मिळतात त्याहून बरी मतं मिळाली, असं सगळे म्हणाले. निकालाच्या दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर समोर गाडी नव्हती. पोलिसांनी दिलेल्या नंबरवर मी फोन केला.

"त्या आता उमेदवार नाहीत," पलीकडून मला समजावून सांगण्यात आलं. अतिशय नम्रपणे.

"त्या माणसाला हे कोणी कळवलंय का?" मी विचारलं. "ज्याने ढकललं त्याला? निवडणूक संपली, आता सोडा म्हणून?"

माझा आवाज चढला होता. या देशात आल्यापासून फोनवर माझा आवाज पहिल्यांदा चढला. पलीकडून, काही घडलं तर नेहमीच्या नंबरवर कळवा, असं उत्तर आलं.

घडलं. त्यानंतरच्याच आठवड्यात. ताईंचा मला सकाळी फोन आला. दाराला आता कॅमेरा होता, त्यात डोक्यावर टोपी ओढलेली एक पाठ दिसत होती, बाकी काही नाही. तसंच सगळं, तीच पत्रकं, तेच जळके डोळे. पोलिसांना कळवलंय, दिवसभरात कोणीतरी येईल म्हणालेत. पण त्यांना कामावर जायला हवं होतं. एका हाताने वॉर्ड चालत नाही म्हणून त्यांना थोडे दिवस ऑफिसातलं काम दिलं होतं आणि त्या दिवशी पहिला दिवस होता.

"मी येतो," मी म्हणालो. आणि मग, थोडं थांबून, "ताई, मी येऊन काय करू?"

"बसा," त्या म्हणाल्या. "हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. एवढंच."

ऑफिसात मी सुट्टी टाकली, गॅरेजमधून घडीची खुर्ची काढली आणि ताईंच्या फाटकाच्या आत, दाराच्या बाजूला मांडून बसलो. ऊन होतं. वास येत होता. पोस्टमन आला, त्याने दाराकडे पाहिलं, पत्रं माझ्या हातात दिली. शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, साफ करायला मदत हवी का? मी सांगितलं, नको, पोलीस येईपर्यंत असंच ठेवायचंय. "शाब्बास," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी बिस्किटं घेऊन आल्या. त्या वासात मी ती खाल्ली.

दुपारी अध्यक्ष आले. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. हातात बादली, बादलीत ब्लीच आणि तेच हातमोजे.

"अरे बसलायस काय नुसता? ऊठ, दहा मिनिटांचं काम आहे."

"नाही पुसायचं."

"म्हणजे? येणारा-जाणारा बघतोय."

"बघू दे."

"लोक काय म्हणतील? मराठी माणसाच्या दाराला..."

"दार मराठी माणसाचं नाही, ताईंचं आहे. त्या नको म्हणाल्यात."

"बायकांना काय कळतं यातलं? तू सरक." त्यांनी बादली खाली ठेवली आणि हातमोजे चढवायला घेतले.

मी उठलो आणि दार आणि ते यांच्या मधे उभा राहिलो. त्यांना मी आजवर कधी उलट बोललो नव्हतो. अहोजाहो करूनच बोललो तेव्हाही. "तुम्ही हात लावलात तर मी पोलिसांना तुमचं नाव सांगेन. मागच्या वेळचं पण सांगेन. दोघांचं."

त्यांनी हातमोजे काढले. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले. जाताना ती हिंदकळली आणि थोडं ब्लीच वाटेवर सांडलं. मी ते सांडलेलंसुद्धा पुसलं नाही.

ताई आल्या तेव्हा मी तिथेच होतो. दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेल्या. थोड्या वेळाने खिडकी उघडली आणि एका हाताने चहाचा कप बाहेर आला. मी कप घेतला. मनात राग होता. अजून आहे.

अधिकारी आला तेव्हा ऊन उतरत आलं होतं. तोच, शांत आवाजाचा. फाटकातच त्याची पावलं थांबली. या वेळी पोह्यांचा वास नव्हता, फ्रेम नव्हती, हसरे चेहरे नव्हते. त्याने बराच वेळ त्या जळक्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खिशातून हातमोजे काढले.

"याला कोणी हात लावलाय?"

"नाही," मी म्हणालो. "मी सकाळपासून इथे आहे."

त्याने फोटो काढले, एकेक पत्रक सोडवून प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलं. ताई मागून फिरून पुढे आल्या होत्या, प्लास्टरचा हात गळ्यात. त्याने वही उघडली आणि विचारलं, "कोण असेल, काही अंदाज?" आणि विचारताना तो माझ्याकडे बघत होता. गेल्या वेळी उत्तर मी दिलं होतं ना, म्हणून.

मी खुर्चीची घडी घालायला वाकलो. तो अजून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"मला विचारा," ताई म्हणाल्या. "दार माझं आहे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, त्या ऑनलाइन बैठकीपासून. मी दार धुतल्याचंही सांगितलं, माझ्यासमोर, काहीही न वगळता. मी खुर्ची हातात धरून उभा होतो. एकदाही मधे बोललो नाही.